राउटरच्या ऑर्नामेंटल मिलवर लाकडी दांड्याला आटे कसे पाडावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: राउटर (फिरत्या बिटने लाकूड कोरणारं विजेचं हत्यार) बसवलेली ऑर्नामेंटल मिल हाताशी आहे आणि तिच्यावर बेंच व्हाइससाठी (टेबलावर लाकूड आवळून धरणाऱ्या शिकंज्यासाठी) २५ मिमीच्या लाकडी दांड्यांना आटे पाडायचे आहेत. गिअर बदलल्यावर आटे पडतात, पण त्यांचे माथे तुटतात, मध्येच दुहेरी चर दिसतो आणि नट चार-पाच फेऱ्यांनंतर अडकतो. मिलमध्ये काय बदल करावेत आणि काम कोणत्या क्रमाने करावं?

या तिन्ही तक्रारींसाठी बहुतेक जण आधी बिट, म्हणजे राउटरचं कापणारं पातं, बदलतात. बिट बोथट असेल तर बदलाच, पण दोष बहुधा दुसरीकडे असतो. दांडा मिलच्या अक्षावर खरोखर गोल फिरत नाही, तो कापाखाली वाकतो, किंवा राउटरची गाडी लीड स्क्रूवर मागेपुढे हलते. व्ही-बिट दांड्याला टेकण्याआधी या तीन गोष्टी नीट केल्या, तर आटे पाडणं हे सगळ्या कामातलं सोपं काम उरतं.

ऑर्नामेंटल मिल म्हणजे काय, हे ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: लेथसारखे दोन सेंटर, त्यांच्यात लाकूड, वर रुळांवर सरकणारी राउटरची गाडी. गाडी ओढणारा लीड स्क्रू आणि लाकूड फिरवणारा स्पिंडल गिअरने जोडलेले असतात. अमेरिकेत लेगसी नावाने विकली गेलेली मिल याच तत्त्वावर चालते आणि घरी बांधलेल्या मिलही बहुतेक तशाच असतात. तारेच्या दोरीने लाकूड फिरवणारी जुनी उपकरणं मात्र आट्यांसाठी वापरू नयेत. दोरी ताणली जाते, घसरते, आणि दुसऱ्या पासला (बिटच्या दुसऱ्या खेपेला) बिट पहिल्या चरात बसत नाही.

मूळ मिल वेलीसारखे पीळ पाडायला बनवलेली असते. टेबलाच्या पायावरचा पीळ एका फेऱ्यात १०० मिमी पुढे जातो, आटा ५ किंवा ६ मिमी. एवढ्या फरकामुळे यंत्राचा स्वभावच बदलतो, म्हणून गिअर बदलणं हा फक्त पहिला बदल आहे.

गिअर आणि हँडल

हिशोब सरळ आहे. स्पिंडलच्या एका फेऱ्यात गाडी किती सरकेल = लीड स्क्रूचा लीड (स्क्रूच्या एका फेऱ्यात गाडी सरकते ते अंतर) × (स्पिंडलवरच्या गिअरचे दाते ÷ लीड स्क्रूवरच्या गिअरचे दाते). लीड स्क्रू २० मिमी व्यासाचा, ४ मिमी पिचचा (शेजारच्या दोन आट्यांत ४ मिमी अंतर असलेला) ट्रॅपेझॉइडल असेल तर ६ मिमीच्या आट्यासाठी स्पिंडलवर ६० आणि स्क्रूवर ४० दाते. ५ मिमी हवा असेल तर ५० आणि ४०. थ्रीडी प्रिंटरमधला ८ मिमीचा रॉड लीड स्क्रू म्हणून लावला असेल तर जपून. त्याचा पिच २ मिमी दिसतो, पण बाजारात सर्रास मिळणारा रॉड चार तोंडांचा असतो, म्हणजे त्यावर चार आटे शेजारी शेजारी फिरतात, आणि एका फेऱ्यात ८ मिमी सरकतो. त्यासाठी ४५ आणि ६० दाते लागतील. शिवाय तो रॉड बारीक आहे, तीनशे मिमीपेक्षा लांब कामाला तो वाकतो.

इंची आटेच हवे असतील तर १२७ दात्यांचा गिअर लागतो. ४ मिमीच्या स्क्रूवर इंचाला ४ आटे (६.३५ मिमी) पाडायला १२७ आणि ८०. विकतचा इंची टॅप (नटच्या भोकात आटे पाडणारं हत्यार) आधीच घेतला असेल तरच या फंदात पडा. दांडा ६ मिमीचा आणि टॅप ६.३५ चा असं चालत नाही. प्रत्येक आट्याला ०.३५ मिमी फरक पडतो, पाच आट्यांत पावणेदोन मिमी, आणि नट तिथेच अडकतो. चार-पाच फेऱ्यांनंतर अडकणारा नट ही त्याचीही खूण असू शकते. उलट इंचाला ६ आटे म्हणजे ४.२३ मिमी, आणि दांडा ४.२५ चा असला तर दहा आट्यांत जेमतेम ०.१७ मिमी फरक पडतो. लाकडात तेवढा खपून जातो.

हँडल कुठे लावायचं हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा नाही. पीळ पाडताना स्पिंडलच्या एका फेऱ्याला लीड स्क्रू पंचवीस वेळा फिरतो, म्हणून हँडल स्क्रूवर असतं आणि लाकूड मागून हळू फिरतं. आट्याला स्क्रू फक्त दीड फेरा घेतो. तेव्हा हँडल स्पिंडलवर आणा. नाहीतर बिटचा सगळा विरोध गिअरच्या दात्यांवरून उलटा येतो आणि लाकूड झटके खात फिरतं. झटक्याने फिरलेल्या लाकडावर बिट थांबलं तिथे काळा डाग आणि सुटलं तिथे चिपी.

गिअर बसवल्यावर राउटरच्या जागी पेन्सिल बांधा. पांढरा कागद गुंडाळलेला दांडा लावून २० फेरे फिरवा आणि व्हर्निअरने मोजा: बरोबर १२० मिमी यायला हवेत. आटा उजवा पडतो की डावा हेही इथेच कळतं. उलटा पडत असेल तर मध्ये एक आयडलर गिअर (फक्त दिशा उलटवणारा मधला गिअर) घाला, किंवा असलेला काढा.

प्ले कुठे चालतो, कुठे नाही

गिअरच्या दात्यांमधल्या ढिलाईची सगळ्यांना काळजी असते. आट्यांच्या कामात ती जवळजवळ निरुपद्रवी आहे. ६ मिमी पिचला स्पिंडलची एक अंशाची ढिलाई म्हणजे लांबीत ०.०१७ मिमी. पिळाच्या कामात तीच एक अंश ०.२८ मिमी होते, म्हणून ती काळजी तिकडची आहे. आट्यांत घात करतो तो लीड स्क्रूच्या नटमधला प्ले, म्हणजे मोकळी हालचाल. तो जसाच्या तसा दांड्यावर उतरतो. नटमध्ये ०.४ मिमी प्ले असेल तर बिट कधी चराच्या या बाजूला, कधी त्या बाजूला रेलतं. दुहेरी चर तिथूनच येतो.

दुभागलेला, स्प्रिंगने ताणलेला नट बसवता आला तर उत्तमच. त्याहून स्वस्त आणि तितकाच खात्रीचा उपाय म्हणजे वजन. गाडीला दोरी बांधा, ती मिलच्या टोकाच्या पुलीवरून खाली सोडा आणि ४ ते ५ किलो वजन टांगा. वजन गाडीला टेलस्टॉककडे (स्पिंडलच्या विरुद्ध टोकाकडे) ओढत राहील असं लावा. मग गाडी पुढे जावो की मागे येवो, नट स्क्रूच्या एकाच कडेला टेकलेला राहतो. गाडीच्या बेअरिंगमध्ये घर्षण जास्त असेल तर वजन वाढवा. डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) गाडीला टेकवून हँडल दोन फेरे पुढे आणि दोन फेरे मागे फिरवा, काटा मूळ जागी परतला की वजन पुरेसं आहे.

व्ही किती अंशांचा

लोखंडी आट्यांच्या सवयीने लोक ६० अंशांचं बिट घेतात. २५ मिमीच्या लाकडी दांड्याला माझी पसंती ९० अंशांना आहे, आणि कारण आकड्यांत दिसतं.

पिच ६ मिमी. माथ्यावर ०.५ मिमी सपाटी ठेवायची, म्हणजे चराची रुंदी ५.५ मिमी. ९० अंशांच्या बिटने एवढी रुंदी २.७५ मिमी खोलीत मिळते, ६० अंशांच्या बिटला ४.७६ मिमी खोल जावं लागतं. म्हणजे आतला गाभा एका बाबतीत १९.५ मिमी उरतो आणि दुसऱ्यात १५.५. दांडा पिळाने तुटायला लागणारं बळ गाभ्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलतं, म्हणजे ९० अंशांचा दांडा जवळपास दुप्पट बळकट. व्हाइस आवळताना दांडा मुंडीजवळच्या पहिल्या आट्यात तुटतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं मोल कळेल. माथाही पसरट होतो, त्यामुळे कमी तुटतो.

याची किंमत नट मोजतो. उताराच्या बाजू नटला बाहेर ढकलतात आणि ९० अंशांत हा ढकल जास्त असतो. म्हणून नटच्या भोकाभोवती निदान भोकाएवढं लाकूड सगळीकडून ठेवा.

माथ्यावरची ती अर्ध्या मिमीची सपाटी कधीच सोडू नका. दांड्यात धागे लांबीच्या दिशेने जातात आणि माथ्यावर त्यांचे फक्त तुकडे उरतात. माथा धारदार केला तर तुकड्याची लांबी शून्याकडे जाते, त्याला धरून ठेवायला काहीच नसतं. ९० अंशांच्या बिटला खोली ०.१ मिमीने चुकली की रुंदी ०.२ मिमीने चुकते, म्हणून राउटरचा खोलीचा स्टॉप पक्का हवा. प्लास्टिकच्या पट्टीवरच्या खुणांवर विसंबू नका, दोन पृष्ठभागांमध्ये फीलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून खोली ठरवा.

बिट १२ ते १६ मिमी व्यासाचं, कार्बाइडचं घ्या. टोक अगदी सुईसारखं नसलं तरी चालतं, उलट तळाशी किंचित सपाटी असलेला चर सहज चिरत नाही. टोकाची सपाटी ०.५ मिमी असेल तर खोली २.७५ ऐवजी २.५ ठेवा. आणि एक गोष्ट ठामपणे: भारतात ट्रिमर (छोटे राउटर) ६ मिमीच्याही कोलेटचे (बिट धरणाऱ्या पकडीचे) मिळतात आणि पाव इंचाच्या, म्हणजे ६.३५ मिमीच्याही. ६ मिमीचा शँक (बिटची दांडी) ६.३५ च्या कोलेटमध्ये आवळला जातो असं वाटतं, पण तो धरला जात नाही. वीस हजार फेऱ्यांवर बिट सरकून बाहेर येतं. कोलेट आणि शँक मोजूनच लावा.

लाकूड

बारीक, एकसारख्या पोताचं आणि सरळ धाग्याचं लाकूड हवं. युरोप-अमेरिकेत बीच, मेपल, हॉर्नबीम, नाशपाती ही नेहमीची. आपल्याकडे हेद उत्तम. त्याचा पोत बारीक आहे आणि तो कातकामाला पूर्वीपासून वापरला जातो. शिसम चांगलं, फक्त त्याची धूळ पुष्कळांना बाधते, मास्क लावा. चन्नपट्टणची खेळणी ज्याची होतात तो काळा कुडा सुंदर कापला जातो, पण तो मऊ आहे, छोट्या पेटीच्या झाकणाला ठीक, व्हाइसला नको. आयात बीच फर्निचरच्या बाजारात मिळतं आणि पहिल्या प्रयोगांसाठी तेच घ्यावं.

सागवान टाळा. त्यात मोठ्या छिद्रांचे वर्तुळाकार पट्टे असतात, माथा त्या पट्ट्यावर आला की ढलपी निघते. शिवाय सागातल्या सिलिकामुळे बिटची धार लवकर जाते. ओक आणि अ‍ॅशलाही त्याच पट्ट्यांमुळे नकार.

विकतचे गोल दांडे जसेच्या तसे वापरू नयेत. २५ चा म्हणून घेतलेला दांडा एका बाजूने २४.६ आणि दुसऱ्या बाजूने २५ भरतो. लाकूड वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मं केंद्राच्या दिशेने आकसतं, त्यामुळे गोल केलेला दांडा वाळला की अंडाकृती होतो. बीचचा २५ मिमी दांडा ओल ४ टक्क्यांनी बदलली तर एका दिशेने सुमारे ०.४ मिमी आणि दुसरीकडे ०.२ मिमी बदलतो. कोकणात मे महिन्यात बनवलेला व्हाइस जुलैत फिरत नाही, त्याचं कारण हेच. म्हणून लाकूड ज्या खोलीत वापरायचं तिथेच निदान तीन-चार आठवडे राहू द्या.

मिलचा खरा फायदा इथे येतो. ३२ मिमीचा चौकोनी तुकडा लावा, त्याच मिलवर सरळ बिटने गोल करा आणि लाकूड सेंटरमधून न काढता त्यावर आटे पाडा. गोलाई आणि आटे एकाच अक्षावर येतात. विकतच्या दांड्याला सेंटर शोधून लावताना अर्ध्या मिमीची चूक झाली, की आटा एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ पडतो. असा दांडा नटमध्ये प्रत्येक फेऱ्याला एकदा घट्ट आणि एकदा सैल लागतो.

तुकडा निवडताना कडेवरचे धागे पाहा. २० मिमी लांबीत धागा १ मिमीपेक्षा जास्त तिरपा जात असेल तर तो तुकडा ठोकळ्यांच्या ढिगात टाका. करवतीपेक्षा छिन्नीने फोडून काढलेला तुकडा चांगला, तो धाग्यावरच फुटतो.

लाकूड धरणं

हेडस्टॉककडचं (स्पिंडलकडचं) टोक ४० मिमी लांब चौकोनीच ठेवा आणि ते चौकोनी खाचेत दोन ग्रब स्क्रूंनी (बिनमुंडीच्या स्क्रूंनी) आवळा. दातेरी सेंटर ठोकून काम भागवू नका. ते आटे पाडताना दोन-तीन अंश घसरलं तरी तो दांडा गेला, कारण पुढचा पास पहिल्या चरात बसणारच नाही. टेलस्टॉकला फिरतं सेंटर लावा आणि जेमतेम आवळा. जास्त दाबलं तर लांब दांडा कमानीसारखा वाकतो.

टेलस्टॉककडचं पहिलं २० मिमी १५ मिमी व्यासाचं करून घ्या. बिट तिथे हवेत सुरू होईल आणि सेंटरला लागणार नाही. त्यामागे दांड्याची कड ४५ अंशांत तासा. आटा जिथे संपवायचा तिथे ८ मिमी रुंद, १९ मिमी व्यासाचा चर आधीच पाडून ठेवा. बिट त्यात येऊन मोकळं होतं आणि शेवटचा आटा जळत नाही.

आता आधार. दोन सेंटरमधला ५०० मिमी लांब, २५ मिमी जाड दांडा मध्यावर राउटरच्या दाबाने सहज खाली जातो आणि आटा मध्यावर उथळ पडतो. नट दोन्ही टोकांकडून छान चढतो आणि मध्ये अडकतो, तेव्हा हाच दोष समजा. उपाय म्हणजे गाडीबरोबर सरकणारा आधार. गाडीवरून एक कणखर लोखंडी हात खाली आणा. त्याच्या टोकाला नायलॉनचा किंवा कठीण लाकडाचा ६० मिमी लांब ठोकळा बसवा, त्यात २५ मिमीच्या भोकाचा अर्धा भाग कोरलेला असावा. ठोकळा बरोबर बिटच्या खाली यायला हवा. ६० मिमीत दहा माथे एका वेळी टेकतात, त्यामुळे आटे पडल्यावरही दांडा ठोकळ्यात अडखळत नाही. ठोकळ्याला मेण लावा आणि तो दांड्याला फक्त टेकेल इतकाच वर आणा. दांड्याला उचलेल इतका आणला तर चर मध्यावर जास्त खोल पडतो.

आटे पाडणं

आदल्या दिवशी दांड्याला स्पिरिटमध्ये विरघळवलेली पातळ लाख दोनदा लावून वाळू द्या. वरचे धागे घट्ट होतात आणि माथे कमी तुटतात. अळशीचं तेल पाजूनही काम होतं, पण तेल खोलवर जायला रात्रभर लागते आणि मग बिटला चिकट भुसा बसतो. दांड्याला लाख आणि नटला तेल, ही विभागणी बरी.

राउटरचा वेग सगळ्यात वर नको. व्ही-बिटचं टोक नेमकं अक्षावर असतं, तिथे कापण्याचा वेग शून्याजवळ असतो, ते कापत नाही, घासतं. वेग वाढवला की घासणं वाढतं आणि तळ काळा पडतो. १४,००० ते १६,००० फेरे पुरेत. हँडल मात्र रेंगाळत फिरवू नका, मिनिटाला २५ ते ३० फेरे, म्हणजे दोन सेकंदांना एक. हळू फिरवणं म्हणजे काळजीपूर्वक काम, असं इथे नाही.

खोली चार पासांत घ्या: १.२, मग ०.८, मग ०.५ आणि शेवटी ०.२५ मिमी. बेरीज २.७५. प्रत्येक पास टेलस्टॉककडून सुरू करून शेवटच्या चरात थांबवा, राउटर उचला, हँडल उलटं फिरवत गाडी परत आणा, खोली वाढवा, पुन्हा चालवा. या सगळ्यात गिअर एकदाही सुटा करायचा नाही. अर्धा नट उघडून गाडी झटकन मागे नेण्याची सोय असेल तर तिला कुलूपच लावा. १५० मिमीच्या आट्याला २५ फेरे, चार पासांचे शंभर, परतीचे शंभर. हाताने दहा-बारा मिनिटांचं काम आहे.

शेवटचा पास उलट दिशेने घेतला तर काम आणखी साफ येतं. व्ही-बिट चरातून जाताना एका बाजूवर लाकडाच्या विरुद्ध कापतं आणि दुसऱ्या बाजूवर लाकडाबरोबर. म्हणून चिपा नेहमी एकाच बाजूला दिसतात. दांडा उलटा फिरवला की बाजूंची अदलाबदल होते आणि पहिल्या तीन पासांनी ज्या बाजूवर तुस ठेवलं ती साफ होते. मात्र हे गाडीला वजन टांगलेलं असेल तरच करा. वजन नसेल तर उलट्या पासला प्ले दुसऱ्या बाजूला जातो आणि आटा तेवढा बारीक होतो.

शेवटच्या पासनंतर दांडा मिलवरच ठेवून लाखेचा एक पातळ हात द्या, तासभर वाळू द्या आणि खोली न बदलता एकदा फिरवा. उभी राहिलेली तुसं त्यात निघून जातात. पॉलिश पेपर चालवू नका, तो माथे गोल करतो आणि तळाला पोहोचतच नाही.

नटसाठी टॅप

मिलवरच टॅप बनवला तर पिच जुळवण्याचा प्रश्नच राहत नाही. दांडा आणि टॅप एकाच गिअरवर निघाले तर लीड स्क्रूमध्ये असलेली थोडीफार चूकही दोघांत सारखीच येते. विकतच्या टॅपच्या मागे न लागता हा मार्ग घ्या.

बीच किंवा शिसमचा २०.२ मिमी व्यासाचा, २२० मिमी लांब दंडगोल करा. आट्याचेच गिअर ठेवून, २ मिमीच्या सरळ बिटने त्यावर ३ मिमी खोल मळसूत्री खाच पाडा, पुढचे ६० मिमी सोडून उरलेल्या लांबीभर. पुढच्या कोऱ्या भागात, टोकापासून ४० मिमीवर, आरपार ६ मिमीचं भोक पाडा आणि त्यात ६ मिमीच्या टूल स्टीलचा कटर बसवा. त्याचं टोक ९० अंशांत घासलेलं हवं, आणि तो बाजूने ग्रब स्क्रूने आवळा. कटरसमोर भुशासाठी मोकळी जागा कोरा, नाहीतर दुसऱ्याच फेऱ्यात टॅप जाम होतो.

मार्गदर्शक म्हणून ४० मिमी जाडीचा वेगळा ठोकळा घ्या. त्यात दंडगोल जाईल असं भोक आणि भोकाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंनी २ मिमीच्या पोलादी पिना बसवा, प्रत्येकी अडीच मिमी आत आलेल्या. दुसरी पिन पहिलीपेक्षा ३ मिमी पुढे असली पाहिजे, कारण अर्ध्या फेऱ्यात खाच तेवढी सरकते. दोन्ही पिना एकाच पातळीवर ठोकल्या तर दंडगोल आतच जाणार नाही.

नटच्या ठोकळ्यात २०.५ मिमी भोक पाडा. धातूसाठीचे ड्रिल अर्ध्या मिमीच्या टप्प्याने मिळतात, तेच घ्या. भोक नेहमी धाग्यांना आडवं, कधीही धाग्यांच्या दिशेने नाही. दांड्याला पर्याय नसतो, त्याचे आटे धाग्यांबरोबर कातरले जाऊ शकतात. नटमध्येही तसंच केलं तर दोन्हीकडून कमजोरी येते. त्याच कारणाने नटची जाडी दांड्याच्या व्यासाच्या दीडपट, म्हणजे ३८ ते ४० मिमी ठेवा.

मार्गदर्शक ठोकळा नटवर क्लॅम्पने घट्ट धरा आणि टॅप आरपार फिरवा. कटर दर वेळी ०.३५ मिमी बाहेर काढत जा. आठ वेळांत टोक अक्षापासून १३ मिमीवर पोहोचतं. दांड्याच्या आट्याच्या बाजू आणि नटच्या बाजू यांच्यात मग सगळीकडून पाव मिमीची जागा राहते, आणि दांड्याचा माथा नटमध्ये सव्वादोन मिमी गुंतलेला असतो. किनारपट्टीच्या हवेत कटर आणखी ०.१ ते ०.१५ मिमी बाहेर काढा. भोकात आदल्या रात्री अळशीचं तेल मुरवलं असेल तर कडा स्वच्छ येतात. तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. त्या पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका.

पहिल्यांदा नट चढवताना जोर लावू नका. दांड्याला पेन्सिलचं शिसं घासा, नट चढवून काढा. जिथे चकचकीत काळं दिसेल तिथेच लागतंय. काळा पट्टा प्रत्येक आट्याच्या एकाच बाजूला येत असेल तर दोष पिचमध्ये. दांड्याच्या एकाच अंगाला, सगळ्या आट्यांवर येत असेल तर दांडा अंडाकृती किंवा सेंटरबाहेर. फक्त मध्ये येत असेल तर आधाराचा ठोकळा खाली राहिला होता. शेवटच्या दोषाला उपाय आहे: दांडा काढला नसेल तर ठोकळा टेकवून त्याच खोलीवर पुन्हा एक पास. उरलेल्या दोघांना नवा दांडा.

जुळणी झाल्यावर दोन्हींना मेणाचा हात: मधमाशीचं मेण आणि थोडं पॅराफिन एकत्र वितळवून, जुन्या टूथब्रशने आट्यांत घासून. स्वयंपाकाचं तेल काही महिन्यांत चिकट होतं. व्हार्निश किंवा पीयू तर नकोच, त्याचा थर पाव मिमीची जागा खातो आणि सोलला की नटमध्ये अडकतो.

व्हाइसचा जबडा पटकन पुढेमागे व्हायला हवा असेल तर दोन तोंडांचा आटा पाडता येतो. लीड १२ मिमीचा करा (४ मिमीच्या स्क्रूवर १२० आणि ४० दाते), पहिलं तोंड पूर्ण खोलीपर्यंत पाडा, मग स्पिंडलचा गिअर सुटा करून बरोबर ६० दाते पुढे सरकवून पुन्हा जोडा आणि दुसरं तोंड पाडा. गिअर सुटा करायची परवानगी फक्त इथेच. सुटा करण्याआधी जुळलेल्या दोन दात्यांवर आणि ६० दाते पुढच्या दात्यावर रंगाची खूण करा. एका दात्याची चूक झाली तर दुसरं तोंड ०.१ मिमीने सरकतं, ते चालून जातं. तीन-चार दात्यांची झाली तर दोन चरांमधला एक माथा बारीक आणि दुसरा जाड दिसतो. टॅपलाही दोन खाचा आणि दोन पासांत कटर लागतो, म्हणून एकतोंडी आट्यावर हात बसल्यावरच याकडे वळा.